राजवाडा सोडून शाहू महाराज सोनतळीच्या माळावर का राहायचे?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत उभं राहून कुणालाही विचारा, इथे शाहू महाराजांनी काय केलं? समोरचा माणूस आधी खासबाग मैदानाकडे हात करेल. 1912 साली खुलं झालेलं हे कुस्तीचं मैदान. रोममधलं प्राचीन क्रीडांगण पाहून आल्यावर महाराजांच्या डोक्यात त्याची कल्पना आली होती. मग तो शेजारच्या नाट्यगृहाबद्दल सांगेल. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं, पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालेलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये आगीत होरपळलेलं. त्यानंतर साठमारीचा विषय निघेल, जिथे मस्तीला आलेल्या हत्तीसमोर माणसं उतरायची.

हे सगळं शहरातलं. पण शाहू महाराजांच्या आयुष्यातल्या अनेक मोठ्या गोष्टी शहराबाहेरच्या एका माळावर घडल्या. पंचगंगा ओलांडून पन्हाळ्याच्या दिशेनं निघालं की रजपूतवाडीच्या शेजारी सोनतळी लागते. तिथे महाराजांचा कॅम्प होता. घोडे, कुत्रे, शिकारीचा सरंजाम, आजूबाजूला गवताळ माळ आणि समोर पन्हाळा-जोतिबाचे डोंगर.

आता प्रश्न असा की कोल्हापुरात एवढा मोठा नवा राजवाडा असताना राजाला माळावर राहायची गरज काय होती? शिकारीची हौस, हे सोपं उत्तर. ते खरंही आहे, पण अर्धंच.

कागलचा मुलगा कोल्हापूरचा राजा कसा झाला?

26 जून 1874 हा शाहू महाराजांचा जन्मदिवस. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव घाटगे हे कागलच्या जहागिरीचे प्रमुख आणि आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. यशवंतराव जेमतेम तीन वर्षांचे असताना आई गेली.

इकडे कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि डिसेंबर 1883 मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांना दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं शाहू. दोनच वर्षांनी वडीलही गेले. म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत आई नाही, वडील नाहीत आणि डोक्यावर एका संस्थानाचा भार.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली शिक्षण झालं. राजकोटला भावनगरचे भावसिंहजी सोबत शिकायला होते. ती मैत्री आयुष्यभर टिकली आणि कोल्हापुरातल्या एका जुन्या रस्त्याला त्यांचं नावही मिळालं, भाऊसिंगजी रोड. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे त्यावर एक चहाचं हॉटेल येणार आहे.

1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि 2 एप्रिल 1894 रोजी महाराजांनी कारभार हातात घेतला. तेव्हा वय होतं 19.

पुढची काही वर्षं सोपी नव्हती. 1896-97 चा दुष्काळ आणि त्यामागोमाग प्लेग आला. 1899 पासून वेदोक्त प्रकरण पेटलं आणि खुद्द राजालाही जातीवरून कसं कमी लेखलं जातं, हे महाराजांनी अनुभवलं. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हा इतिहास बहुतेकांना माहीत असतो. हा राजा रोज कुठे राहायचा, कुणासोबत वावरायचा, हे मात्र कमी सांगितलं जातं.

सोनतळीचा शरद

कोल्हापूरकडे पाऊस म्हणजे चार महिने झड. घाटमाथ्याच्या दाजीपूर-गगनबावडा पट्ट्यात तर सूर्यदर्शन दुर्मीळ. भाद्रपद सरतो तशी ही झड ओसरायला लागते. आश्विन-कार्तिकात, म्हणजे शरद ऋतूत, माळावरचं गवत कमरेएवढं झालेलं असतं, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडत असतात, भुईमूग काढणीला आलेला असतो आणि दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं. वाटा वाळतात. बैलगाडी, घोडा आणि माणूस, तिघांनाही पुन्हा बाहेर पडता येतं.

याच दिवसांत कोल्हापूरचं सणांचं चक्र सुरू होतं. नवरात्रात अंबाबाईचा उत्सव, ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा आणि मग शाही दसरा. चौफाळ्याच्या माळावर, म्हणजे आजच्या दसरा चौकात, छत्रपतींच्या हस्ते आपट्याच्या पानांची पूजा होते आणि सोनं लुटलं जातं. संस्थानी काळात या स्वारीत हत्ती, घोडे, उंट असा लवाजमा असायचा.

या चौकाभोवती काय आहे, हेही बघण्यासारखं आहे. 1901 च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे आणि जेवणार कुठे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. शिक्षण पुस्तकापासून सुरू होत असेल, पण टिकतं ते दोन वेळच्या जेवणावर.

या ऋतूचं खाणंही ठरलेलं. नवरात्रात कोल्हापूरच्या घराघरांत कडाकण्या होतात. रवा-मैद्याच्या पातळ, गोड, कडक तळलेल्या पुऱ्या. देवीच्या घटावर त्या दोऱ्यात ओवून बांधल्या जातात. कोजागरीला आटवलेलं दूध. मग दिवाळीचा फराळ, ज्यातली नानकटाई घरच्या चुलीवर जमत नाही म्हणून पीठ मळून, गोळे थापून पत्र्याच्या ट्रेमध्ये बेकरीच्या भट्टीत नेऊन भाजून आणायची पद्धत पश्चिम महाराष्ट्रातल्या शहरांत अनेक वर्षं चालली.

पण कोल्हापूरच्या शरदातली सगळ्यात मोठी भट्टी असते गुऱ्हाळाची.

दसरा-दिवाळीच्या आसपास नदीकाठच्या उसाला तोड लागली की गुऱ्हाळघरं धडधडू लागतात. उसाचा रस मोठ्या काहिलीत ओततात, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जाळतात. जाळ कमी-जास्त करणारा तो जळव्या आणि रस कधी उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. पाक घट्ट होत आला की गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. एक क्षण उशीर झाला तर गूळ काळा पडतो, लवकर उतरवला तर तो धरत नाही. मग काहील वाफ्यात ओतायची आणि गार होत आलेल्या गुळाचे रवे बांधायचे.

हे सगळं शाहू महाराजांच्या गोष्टीत का आलं? कारण गूळ बनवणारा शेतकरी आणि गूळ विकणारी पेठ यांच्यातला दुवा महाराजांनी उभा केला. कारभार हाती घेतल्यानंतर वर्षभरातच, 1895 मध्ये, शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली गेली. 1891 मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली होतीच. आता शिवारातला गूळ बैलगाडीतून शाहूपुरीत आणि तिथून रेल्वेनं देशभर जाऊ शकत होता. कोल्हापुरी गुळाचं नाव झालं ते या जोडीमुळे. 2014 मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

उसाला पाणी लागतं, म्हणून पुढे दाजीपूरच्या जंगलाजवळ भोगावती नदीवर धरण बांधायचं काम निघालं. 1909 च्या सुमारास ते सुरू झालं. मुलगी राधाबाईंच्या नावावरून वसाहतीचं नाव राधानगरी आणि पत्नीच्या नावावरून जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. पैशाअभावी काम मध्येच थांबलं आणि ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. पण आज कोल्हापूर जिल्हा जो हिरवा दिसतो, त्याच्या मुळाशी हे धरण आहे. पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही महाराजांनी करून पाहिले. सगळे प्रयोग यशस्वी झाले नाहीत, पण माणूस प्रयोग करत राहिला.

चित्ता, हत्ती आणि रानडुक्कर

आता शिकारीकडे येऊ, कारण ती टाळून शाहू महाराज सांगता येत नाहीत.

महाराज उंच, धिप्पाड, कुस्तीचे शौकीन आणि पट्टीचे घोडेस्वार होते. वाघाच्या शिकारीला ते जंगलात जायचे. घोड्यावर बसून भाल्यानं रानडुकराचा पाठलाग करायचा, हा त्यांचा आवडता खेळ. त्या काळात राजांसाठी ही मर्दुमकी होती आणि शेतकऱ्याला थोडा दिलासाही, कारण हातातोंडाशी आलेला ऊस आणि भुईमूग डुकरं एका रात्रीत उकरून टाकतात.

पण कोल्हापूरची खरी ओळख होती चित्त्यांच्या शिकारीसाठी. इथे चित्त्याची शिकार करत नसत, चित्त्याकडून शिकार करवून घेत. माणसाळवलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी घालून त्याला गाडीवर बसवायचं. काळवीटांचा कळप दिसला की गाडी हळूहळू जवळ न्यायची आणि टोपी काढायची. चित्ता उतरतो, दबकत पुढे जातो आणि मग काही सेकंदांत सगळं संपतं. तो काळवीटाचा गळा धरून बसतो. मागून चित्तेवान धावत येतो, त्याला त्याचा वाटा देतो, पुन्हा टोपी चढवतो आणि गाडीवर बसवतो.

यासाठी चित्त्याला माणसांची सवय लावावी लागायची. त्याला दोरीला धरून बाजारातून फिरवायचे. चित्तेवानांच्या घरी बाजेवर बसलेल्या चित्त्यांच्या आठवणी कोल्हापुरात अजून सांगितल्या जातात.

या हौसेची दुसरी बाजू मात्र भयंकर होती. पाळलेल्या चित्त्यांची बंदिवासात पिल्लं जवळजवळ होतच नसत. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता जंगलातूनच पकडून आणावा लागे. अनेक राजांनी शतकानुशतकं हेच केलं. जोडीला माळरानं नांगराखाली गेली, काळवीटं कमी झाली आणि भारतातले चित्ते संपत आले. 1918 पासून पुढे कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली, यातच सगळं आलं. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये कुनोत चित्ते आणले तेव्हा तेही आफ्रिकेतूनच आले.

मंगळवार पेठेतली साठमारी हा असाच दुसरा खेळ. मस्तीत आलेल्या हत्तीला मैदानात सोडायचं आणि साठमारांनी त्याला डिवचून, हुलकावणी देऊन दगडी आडोशामागे पळायचं. बडोद्यात हा खेळ प्रसिद्ध होता, कोल्हापुरात तो महाराजांनी रुजवला. आज असे खेळ कायद्यानंही चालणार नाहीत आणि मनालाही पटणार नाहीत. पण त्यातून एक गोष्ट दिसते. महाराजांच्या सोबतीला कायम माहूत, मोतद्दार, चित्तेवान, हाकारे, पैलवान अशी माणसं असायची. राजवाड्याच्या दिवाणखान्यात ज्यांना पाय ठेवता आला नसता, ती माणसं माळावर राजाच्या शेजारी उभी असायची.

सोनतळीचं महत्त्व इथून सुरू होतं.

ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, तेच पहारेकरी

फासेपारधी म्हणजे फास लावून पारध करणारा समाज. तितर कुठे बसतं, हरणाची वाट कोणती, रानात कुठे काय हललं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. पण 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा समाजांवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जायचे. काही जातींना तर रोज पोलीस पाटलाकडे हजेरी लावावी लागायची. हजेरी लावायची म्हणजे दूर गावी कामाला जाता येत नाही, काम नाही म्हणजे पोटाला नाही आणि पोटाला नाही म्हणून पुन्हा चोरीचा आळ. असं हे चक्र.

शाहू महाराजांनी या लोकांना बोलावून घेतलं, राहायला जागा दिली, हाताला काम दिलं. आणि सोनतळीच्या कॅम्पवर पहारेकरी म्हणून नेमलं कुणाला? तर फासेपारध्यांना. ज्यांच्यापासून जपून राहा असं सगळं जग सांगत होतं, त्यांच्या भरवशावर राजा रात्री झोपत होता. एखाद्या कायद्यानं जे सांगता आलं नसतं, ते या नेमणुकीनं सांगितलं. 1918 मध्ये संस्थानात हजेरीची पद्धतच बंद करण्यात आली. देशभरात हा गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडावं लागलं.

एक कप चहा

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत कामाला होते. जातीनं महार. एकदा पागेतल्या सवर्ण नोकरांच्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. गंगारामना बेदम मारहाण झाली.

महाराज परतल्यावर गंगाराम आणि त्यांचे सोबती दाद मागायला गेले ते सोनतळीच्या कॅम्पवर. राजवाड्याच्या देवडीवर त्यांना किती वेळ थांबावं लागलं असतं, कुणी आत सोडलं असतं का, हा प्रश्नच आहे. माळावर मात्र ते थेट राजासमोर उभे राहू शकले. त्यांच्या पाठीवरचे वळ बघून महाराज संतापले. मारणाऱ्यांना त्यांनी शिक्षा केली, पण तेवढ्यावर विषय सोडला नाही. गंगारामना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले.

गंगारामनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक. हॉटेल स्वच्छ होतं, चहा चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण?

मग महाराजांनी त्यांची खास पद्धत वापरली. ते खडखडा नावाच्या घोडागाडीतून शहरात फिरायचे. मूळची ही गाडी घोड्यांना वळण लावण्यासाठीची, आवाजही तसाच. ती गाडी गंगारामच्या हॉटेलसमोर थांबू लागली. महाराज भर रस्त्यात चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीतल्या सरदार-मानकऱ्यांनाही द्यायचे. राजानं घेतल्यावर नाही म्हणायची सोय नाही. सही हवी असेल तर हॉटेलवर या, असं लोकांना सांगून ते तिथेच कागद हातावेगळे करायचे, असंही कोल्हापुरात सांगतात. पुढे सोडा वॉटरचं मशीनही महाराजांनी त्यांना घेऊन दिलं.

सप्टेंबर 1919 मध्ये सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम निघाले. पण हुकूम कागदावर असतो. जीभ विटाळ मानते तोवर कागदाचा उपयोग नसतो. म्हणून हा माणूस आधी कप तोंडाला लावून दाखवत होता.

12 जून 1918

महाराजांना चार मुलं. राधाबाई, आऊबाई, राजाराम आणि सर्वांत धाकटे शिवाजी. शिवाजीराव वडिलांसारखेच घोड्याचे आणि शिकारीचे शौकीन. जून 1917 मध्ये त्यांचं लग्न सासवडच्या जगताप घराण्यातल्या मुलीशी झालं. सासरी तिचं नाव ठेवलं इंदुमती. तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती.

लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल. 12 जून 1918 रोजी रानडुकराच्या मागे घोडा टाकलेला असताना शिवाजीराव घोड्यावरून कोसळले आणि त्यातच गेले. वय एकोणीस.

ज्या खेळानं महाराजांना उभं आयुष्य आनंद दिला, त्याच खेळानं त्यांचा मुलगा नेला. या धक्क्यातून ते पूर्णपणे कधीच सावरले नाहीत. तब्येतही त्यानंतर ढासळत गेली.

पण इथे एक प्रश्न उभा होता, आणि तो महाराजांच्या दुःखापेक्षा मोठा होता. अकरा-बारा वर्षांच्या त्या मुलीचं काय?

त्या काळी मराठा राजघराण्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. पडदा, पांढरं कपाळ, वाड्यातली एक खोली आणि उरलेलं आयुष्य. 1917 मध्येच महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षणही त्याच वर्षी सुरू केलं होतं. रयतेसाठी कायदे करणारा राजा आता स्वतःच्या घरात काय करतो, याकडे सगळ्यांचं लक्ष होतं.

माळावरची शाळा

महाराजांनी सुनेला शिकवायचं ठरवलं. आणि त्यासाठी जागा निवडली सोनतळी.

कारण उघड होतं. राजवाड्यात रूढी होत्या, मान-पान होते, कुजबुज होती. विधवा सुनेनं पुस्तक हातात धरणं तिथल्या अनेकांना मान्य होणारं नव्हतं. माळावर ती भिंत नव्हती. इंदुमतीदेवींची राहायची सोय तिथल्या बंगल्यात झाली, शिकवायला शिक्षक नेमले गेले. एकटी मुलगी कोमेजून जाईल म्हणून वेगवेगळ्या जातींतल्या, तिच्याच वयाच्या मुली सोबतीला शिकायला ठेवल्या. म्हणजे एका बाजूला विधवेचं शिक्षण आणि दुसऱ्या बाजूला सगळ्या जातींच्या मुलींचं एकत्र राहणं-जेवणं, असे दोन नियम एकाच बंगल्यात मोडले जात होते.

ज्या माळावर आजवर घोड्यांच्या टापा आणि शिकारी कुत्र्यांचं भुंकणं ऐकू यायचं, तिथे आता पाढे आणि कविता ऐकू येऊ लागल्या. सुनेनं नुसतं लिहा-वाचायला शिकावं एवढीच महाराजांची अपेक्षा नव्हती. तिनं डॉक्टर व्हावं, अशी त्यांची इच्छा होती. 1918 ते 1922 या काळात एखाद्या मराठी राजाला आपल्या विधवा सुनेबद्दल असं वाटणं किती पुढचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यांची ही इच्छा पूर्ण झाली नाही. महाराज गेल्यावर परिस्थिती बदलली. पण इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या, त्यांनी वाचन सोडलं नाही आणि पुढे कोल्हापुरात ललिता विहारसारख्या संस्थेतून स्त्रियांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. 1971 मध्ये त्यांचं निधन झालं. सोनतळीच्या शाळेचा निकाल लावायचा तर तो असा लावावा लागतो.

जेवणाचं आमंत्रण

मार्च 1920. कागल जहागिरीतल्या माणगावात 21 आणि 22 तारखेला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते 28 वर्षांचे भीमराव आंबेडकर. दोनच महिन्यांपूर्वी, 31 जानेवारीला, त्यांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केलं होतं आणि त्यासाठी महाराजांनी 2500 रुपयांची मदत केली होती.

महाराज या परिषदेला आले ते शिकारीवरून. थाटामाटाची स्वारी नाही, दरबार नाही. भाषणात त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे आणि हा माणूस एक दिवस देशाचा पुढारी होईल. मग त्यांनी आणखी एक गोष्ट केली. परत जाण्यापूर्वी माझ्याबरोबर रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला या, असं आमंत्रण त्यांनी आंबेडकरांना भर सभेत दिलं.

आज हे वाक्य साधं वाटेल. पण तेव्हा कोण कुणाच्या पंगतीला बसतो, यावरून माणसाची किंमत ठरायची. छत्रपतींनी हे आमंत्रण चिठ्ठी पाठवून गुपचूप देता आलं असतं. त्यांनी ते हजारो लोकांना ऐकू जाईल असं दिलं. आणि जेवायला बोलावलं तेही माळावरच्या आपल्या घरी.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होतं. राजवाडा बदलायला पिढ्या लागतात, कारण त्याच्या प्रत्येक दाराला एक मानकरी असतो आणि प्रत्येक मानकऱ्याला एक रूढी सांभाळायची असते. माळाला दारच नव्हतं. तिथे नियम नव्यानं बनवता येत होते. कोण पहारा देणार, कोण दाद मागायला येणार, कोण शिकणार आणि कोण पंगतीला बसणार, हे सगळं महाराजांनी आधी सोनतळीच्या परिसरात करून पाहिलं.

नंतर काय झालं?

6 मे 1922 रोजी मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय अवघं 47. थोरले राजाराम महाराज गादीवर आले. गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजानं पुढाकार घेऊन कोल्हापूरच्या नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक उभं केलं. ज्याला एक कप चहासाठी राजानं उभं केलं होतं, त्यानं राजाची आठवण उभी केली.

महाराजांच्या शिकारीच्या रानाचं काय झालं, तेही बघा. दाजीपूरचं जंगल ही कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारगाह. राखीव असल्यामुळे तिथे कुऱ्हाड कमी चालली. 1958 मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे 351 चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं आणि 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव लागलं. जिथे बंदुका घेऊन लोक जायचे तिथे आता पावसाळा संपला की कॅमेरे घेऊन जातात. शरदातल्या कोवळ्या उन्हात सड्यावरच्या गवतात चरायला निघालेला गव्यांचा कळप दिसला, तर ती जागा एका राजाच्या हौसेतून वाचलेली आहे, हे लक्षात असू द्या.

आणि सोनतळी? पंचगंगेच्या पुरात दरवर्षी बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना पुनर्वसनासाठी जागा मिळाली ती याच सोनतळीच्या उंच माळावर. 2019 आणि 2021 च्या महापुरात ही दोन्ही गावं पाण्यात गेली, तेव्हा माणसं आणि जनावरं याच माळाच्या आसऱ्याला आली. ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांना जागा देण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी या माळावर सुरू झालं होतं. पूर आला की ते अजूनही चालू असतं.